ओहोटीला दाखवलेली घरं

दिवाळी अंकासाठी लिहा असं सांगायला आलेले संपादक ‘दलाल’ हा शब्द काही तोंडातून काढीनात. ‘घरांच्या व्यवहारातले तुमचे अनुभव’ असं काहीतरी गुळमुळीत म्हणाले. मी म्हटलं, अवघडू नका, मी दलालच होतो. उरणात आणि मोऱ्याच्या बंदरावर उमेदीची सगळी वर्षं मी घरं दाखवली, भाडेकरू आणले, घरमालकांच्या विनवण्या केल्या आणि त्यावर संसार केला. दलालाला लोक शिव्या देतात आणि घर हवं झालं की त्याच्याच ओट्यावर येऊन बसतात. बसून झाल्यावर पाणी मागतात आणि ते पिऊन झालं की विचारतात, ‘तुमचं काय पडेल?’ जणू मी त्यांच्या घरात जेवायलाच बसणार होतो.

पहिली लढाई संपली आणि दुसरी अजून लागायची होती, त्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. मुंबईत चाळीतली एक खोली मिळवायची तर मालकाच्या मुनिमाला पागडी द्यावी लागे. खोली म्हणजे तरी काय, पाय पसरून निजायचं तर दुसऱ्याने पाय जवळ घ्यायचे. त्यात कारकुनाचा पगार, चार पोरं आणि गावाहून इलाजासाठी आलेला एखादा काका. असा माणूस एखाद्या रविवारी बोटीने मोऱ्याला उतरे, टांग्याने उरणात येई आणि त्याच भाड्यात दोन खोल्या, ओटी, मागे पडवी आणि परसात विहीर बघून वेडा होई. मुंबई समोर दिसते आहे, बोटीचा महिन्याचा पास मिळतो आहे, मग चाळीत कशाला कुजायचं, असा त्याचा हिशेब. हिशेब वाईट नव्हता, करणारा अर्धवट होता.

कारण घर बघायला येणारा माणूस नेमकं हवं ते सोडून बाकी सगळं बघतो. भिंतीवर बोट घासून चुना हाताला लागतो का ते बघतो. विहिरीचं पाणी जिभेवर फिरवून वैद्यासारखा डोळे मिटतो. घराच्या आढ्याकडे बघून ‘हे सागाचं ना?’ विचारतो आणि मी ‘नाही, ऐनाचं’ म्हटलं की जाणत्यासारखी मान हलवतो. सागाचं म्हटलं असतं तरी त्याने तीच मान तशीच हलवली असती. शेजारी कोण, मागच्या भाडेकरूच्या घरात कोणी वारलं का, दार कुठल्या दिशेला, सगळं विचारून होतं. सोमवारी सकाळी कचेरीत कसा जाणार, हे मात्र एकानेही कधी विचारलं नाही. बोट आहे ना, मग झालं!

आता बोटीचं सांगतो, म्हणजे न बघितलेल्यांनाही समजेल. मोऱ्याचा किनारा उथळ आणि चिखलाचा. भरतीला बोट थेट धक्क्याला लागे. बायाबापड्या लुगडं न भिजवता उतरत. ओहोटीला तीच बोट लांब पाण्यात उभी राही. तिथून होडीत उतरायचं, होडी चिखलाला टेकली की आगरी गड्याच्या खांद्यावर बसायचं आणि त्याने गुडघाभर चिखल तुडवत तुम्हाला कोरड्यावर आणून टाकायचं. ह्यात किती वेळ जाईल ते दर्याला ठाऊक. मुंबईच्या कचेरीतल्या हेडक्लार्कला दर्याशी कर्तव्य नसतं.

भरती कधी, हे समजायला आमच्याकडे कोणी घड्याळ बघत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाला, सकाळीही आणि संध्याकाळीही. पुनवेला आणि अवसेला दुपारी बाराच्या सुमाराला. म्हणजे पुनवेला सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला ठार ओहोटी, तीही उधाणाची, पार लांबवर चिखल उघडा पाडणारी. नेमक्या ह्याच वेळा कचेरीला जाण्याच्या आणि परतण्याच्या. अष्टमी-नवमीला बोट मोटारीसारखी दारात, आणि तेरशीपासून चौथीपर्यंत सकाळची बोट तरंगेल तेव्हा खरी.

आमच्या धंद्यातले एक थोर गृहस्थ होते, त्यांचं नाव सांगत नाही. ते फक्त अष्टमीच्या आसपासच्या रविवारी गिऱ्हाईक आणत. सकाळी बोट धक्क्याला, संध्याकाळी बोट धक्क्याला, मध्ये वालाचं बिरडं आणि केळीच्या पानावर गरम भात. गिऱ्हाईक तृप्त होऊन ढेकर देत इसाराचे पैसे काढून ठेवी. ह्या गृहस्थांनी भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाजणाला माती टाकून प्लॉटही पाडले होते आणि प्रत्येक प्लॉटवरून समुद्र दिसतो असं ते सांगत. ते खोटं नव्हतं. उधाणाला तो प्लॉटवरही दिसे.

माझी रीत उलटी होती. मी गिऱ्हाईक पुनवेच्या आसपासच्या रविवारी बोलवी. अवसेला घर बघायला कोणी येत नाही, अशुभ म्हणून, नाहीतर ती मला जास्त पसंत होती. होडी, खांदा, चिखल, सगळं भोगून जो माणूस घरापर्यंत पोचला आणि तरी ‘घेतो’ म्हणाला, तोच टिकेल असा माझा ठोकताळा. बहुतेक जण बंदरावरूनच परत जात. मला त्याचं दुःख नव्हतं. माझं आणलेलं बिऱ्हाड वर्षाच्या आत पळालं असं कोणी दाखवून द्यावं. थोर गृहस्थ माझ्यापेक्षा चौपट कमावत आणि मला ‘चिखल्या नाना’ म्हणत.

त्यांच्या एका गिऱ्हाइकाची हकीकत सांगण्यासारखी आहे. कारखानीस नावाचे, कुठल्याशा विमा कचेरीत होते. पंचांगाशिवाय पाऊल न टाकणारा माणूस. केस कापायलाही वार बघायचे. त्यांनी घर घेतलं, ज्योतिषाकडून गृहप्रवेशाचा मुहूर्त काढला, तो निघाला दशमीचा. आले वाजतगाजत. दोन दिवस सुखाने कचेरीत गेले. तिसऱ्या दिवशी बोट चिखलात रुतून बसली आणि चौथ्या दिवशीही. मग हे माझ्या ओट्यावर येऊन लाल झाले, जणू मीच दर्याचं बूच काढलं होतं.

“साहेबाला सांगितलं, ओहोटी होती,” ते म्हणाले. “तर साहेब म्हणतो, मागल्या आठवड्यात तर नव्हती! आता ह्याला काय सांगू?”

“तुम्ही पंचांग बघता ना रोज?” मी विचारलं.

“बघतो म्हणजे? राहुकाळ टाळल्याशिवाय बोटीत पाय ठेवत नाही.”

“मग त्याच ओळीत तिथी असते, ती बघा. तिची पाऊणपट करा.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवघरात चपला घालून शिरलो. पंचांगातून ग्रहांच्या चाली समजतात हे त्यांना पटत होतं, पण दारातलं पाणी समजतं हे काही पटेना. विद्वान माणूस! पुनव-अवसेच्या दिवसांत ते गिरगावात मेहुण्याकडे निजू लागले. मेहुणा कंटाळला. मग सगळं बिऱ्हाड परत मुंबईला न्यायचं ठरलं, तर सोडलेल्या खोलीची पागडी तोवर चढलेली. शेवटी त्यांना पूर्वीपेक्षा लहान खोली मिळाली, जिन्याखालची. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि धुपाटणं ठेवायलाही जागा राहिली नाही.

अशी बिऱ्हाडं येत-जात राहिली, पण प्रत्येकाने एक गोष्ट मागे ठेवली, ती म्हणजे वाढलेलं भाडं. घरमालक नावाचा प्राणी मोठा मजेशीर. मुंबईवाल्याने एकदा जे भाडं दिलं ते त्याच्या डोक्यात देवाच्या नावासारखं कोरलं जातं. मुंबईवाला पळाला तरी भाडं उतरत नाही. खोली रिकामी राहील, तिथे घुशी बाळंत होतील, पण गावच्या शाळामास्तराला जुन्या भावाने मिळणार नाही. आमचे मास्तर पाचदा घर बदलून शेवटी एका सोनाराच्या माळ्यावर चढले. ज्यांनी कधी शेणाच्या गोवऱ्यांच्या खोपटालाही भाडं येईल असं स्वप्नात बघितलं नव्हतं, ते मला थांबवून विचारू लागले, “नाना, ह्याला मुंबईचा माणूस येल काय?”

मी स्वतः भाड्याच्या घरात राहत होतो. गावाला घरं देणारा दलाल आणि स्वतःला घर नाही, म्हणून लोक हसत. हसोत. घर हमीदचाचांचं होतं. चाचा म्हणजे कोकणी मुसलमान, पिढीजात गलबतवाले. श्रीवर्धनची सुपारी आणि कौलं, लाकूड, जे मिळेल ते भरून मुंबईला नेत. लग्न करून मी बायकोला तळा गावाहून आणली ती ह्याच घरात. तिन्ही मुलं इथेच झाली. भाडं चाचांनी एकदाच वाढवलं होतं, तेही माझी माफी मागून. ईदला त्यांच्याकडून शिरखुर्मा यायचा आणि दिवाळीला आमच्याकडून करंज्या जायच्या. बायको त्या घराला कधी ‘भाड्याचं’ म्हणाली नाही.

मग मंदी आली. आगबोटींनी गलबतांचा धंदा आधीच खाल्ला होता, उरलासुरला मंदीने खाल्ला. चाचांचं गलबत खाडीत आडवं पडलं आणि त्याच्या फळ्या लोक सरपणाला नेऊ लागले. धाकटा मुलगा झांजीबारला दुकानात लागला होता, त्याला भांडवल हवं होतं. एका सकाळी चाचा ओटीवर येऊन बसले. चहा घेईनात, तेव्हाच मी समजलो.

“नाना, गलबत गेला,” ते म्हणाले. “आता घर इकल्याबिगर इलाज न्हाय. तूच घे. तुझ्याकडून मी कमी घेईन, अल्लाची कसम.”

त्यांनी खरोखर कमी सांगितलं. पण कमी म्हणजे बाजारातून कमी, आणि बाजार आता मुंबईचा होता. बायकोने आतून पाटल्या आणून माझ्यापुढे ठेवल्या. मी त्या परत तिच्या हातात घातल्या, कारण त्यात एक खोलीही आली नसती. ज्या भावाचे आकडे मी लोकांना तोंडपाठ सांगत होतो, तो भाव पहिल्यांदा माझ्या अंगावर आला. राग आला. राग कोणाचा, तेही कळेना. चाचांवर रागवायला तोंड नव्हतं.

“मग गिऱ्हाईक तूच आण,” चाचा म्हणाले. “तो दुसरा दलाल माझ्या घरान पाय टाकणार न्हाय. आणि दाखव तुझ्याच रिवाजाने.”

त्या रात्री बायको हसली. इतक्या वर्षांत माझ्या त्या रीतीला ती नावंच ठेवत आली होती. चार पैसे मिळवायचे सोडून लोकांना चिखलात लोळवतात, म्हणायची. आता म्हणाली, “अहो, पुनवेलाच आणा हं. आणि पोशाला सांगा, जरा हळू चाल म्हणावं.” पोशा म्हणजे खांद्यावरून उतारू आणणारा आमचा आगरी गडी. मी पोशाला काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. माझी रीत जन्मभर माझं नुकसान करत आली होती, आता एकदा तिने फायदा केला तर कोणाचं काय जात होतं? घराला गिऱ्हाईक मिळालं नाही, तर चाचा भाव उतरवतील, मुलाला भांडवल दुसरीकडून मिळेल, निदान वर्षभर तरी आम्ही राहू.

दोन गिऱ्हाइकं बंदरावरूनच परत गेली. तिसरे आले ते मुंबईचे एक कापडवाले शेठ. अंगाने भरलेले, पांढरं धोतर, डोक्याला काळी टोपी. पौष महिन्यातली पुनव होती आणि चिखल पार लांबपर्यंत उघडा पडला होता. शेठ होडीतून पोशाच्या खांद्यावर बसले तेव्हा पोशा गुडघ्याच्याही वर रुतला.

“हालू नको शेट,” पोशा खालून ओरडला. “हाललास त दोगंय चिखलान!”

शेठ हलले. पोशा पडला नाही, पण शेठचा एक जोडा चिखलात गेला आणि धोतराचा सोगा काळा झाला. मी किनाऱ्यावर उभा राहून मनात म्हटलं, झालं, घर वाचलं. शेठ खाली उतरले, एका पायात जोडा घातलेले, आणि खदखदून हसायला लागले.

“अरे भाई, बहु मजा आली! बायकोला हे दाखवायला पायजे!”

घरी बायकोने त्यांच्या पायांवर पाणी घातलं. मग मी घर दाखवायला लागलो. इतक्या मनापासून मी कुठल्या घराची निंदा केली नव्हती. वैशाखात विहीर मचूळ होते म्हणालो. पश्चिमेची भिंत पावसात पाझरते म्हणालो. ऐनाच्या वाशांना कुठेकुठे भोकं पडली आहेत ती काठीने दाखवली. पंधरवड्यातले सात-आठ दिवस सकाळची बोट धक्क्याला लागत नाही, कचेरी असो की पेढी, वेळेवर पोचणं होत नाही, हे तर दोनदा सांगितलं. सगळं खरं होतं. शेठ मान डोलवत होते. त्यांनी भिंतीला बोटही लावलं नाही.

“पण आमाला रोज कुठे यायचंय?” ते म्हणाले. “मे महिन्यात आठ दिवस हवा खायला येणार. जमलं तर दिवाळीला. तेपण भरती बघून येऊ. बाकी घर बंद राहील. जमिनीचा भाव वाढेल तेवढं बस.”

मी हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवली. माझी सगळी अक्कल एका गोष्टीवर उभी होती. माणूस घर घेतो ते त्यात राहायला, ही ती गोष्ट. राहायचं असेल तर भरती-ओहोटी बघायला हवी, विहीर बघायला हवी, शेजार बघायला हवा. ज्याला राहायचंच नाही त्याला कुठलीच ओहोटी अडवत नाही. कारखानिसांना मी आयुष्यभर हसलो, पण तो बिचारा निदान घरात राहायला तरी आला होता. बायको दाराआड उभी होती. ती आत निघून गेली आणि भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

सौदा झाला. चाचांना पैसे मिळाले, मला माझी दलाली मिळाली. ती मी घेतली. न घेऊन कोणाला दाखवणार होतो? चाचा रडले, म्हणाले, “माफ कर नाना.” मी म्हटलं, “चाचा, तुम्ही भाव कमी सांगितला होता.”

मग आम्हाला जागा शोधायची होती. अख्ख्या उरणात मला माहीत नसलेली खोली नव्हती, आणि मला परवडेल अशी एकही नव्हती. ज्या घरमालकांना मी भाडेकरू आणून दिले, ते मला मोठ्या प्रेमाने ओटीवर बसवत, सुपारी कातरून देत आणि मुंबईचा भाव सांगत. एकजण तर म्हणाला, “नाना, तुमच्याकडून जास्त कसं घेऊ? बाजाराप्रमाणेच द्या.” शेवटी गावापासून तासभर चालत जावं लागे अशा एका वाडीवर दोन खोल्या मिळाल्या, कुडाच्या भिंतींच्या. मी रोज चालत उरणात यायचो, बंदरावर गिऱ्हाईक घ्यायचो आणि परत चालत जायचो. मुलांना नवी वाट आवडली, बायकोला ती कधी आवडली नाही, आणि तिने ते एकदाही बोलून दाखवलं नाही.

शेठनी घराची किल्ली माझ्याकडेच ठेवली होती. दोन वर्षं ते आलेच नाहीत. कुलूप गंजलं, पडवीत वटवाघळं आली. लोक मला विचारत, “नाना, त्या बंद घरात आमाला पावसापुरता आसरा दे की.” मी मुंबईला विचारून घेतलं. निरोप आला की भाडेकरू ठेवला तर उद्या हक्क सांगेल, नको. रिकामं घर त्यांना परवडत होतं.

तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी कळवलं, बायकोला घेऊन येतो, घर झाडून ठेवा. मी गडी लावणार होतो. बायको म्हणाली, “दुसऱ्या कोणाचा हात नको लागायला तिथे.” दोन दिवस ती तिथे राबली. वटवाघळं हाकलली, जमीन सारवली, उंबऱ्याला रांगोळी काढली. शेठ आले ते भरती बघूनच आले, स्वच्छ धोतरात. शेठाणी साधी, हसरी बाई होती. तिने ओटीवर पाय ठेवला आणि म्हणाली, “केवढं छान ठेवलंय! इथे आधी कोण राहायचं?”

“होतं एक बिऱ्हाड,” बायको म्हणाली. “त्यांना परवडेना.”

पहिल्यांदा घरी आलेल्या सवाष्णीला घरची बाई तशी परत पाठवत नाही. बायकोने तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि तांदूळ, सुपारी आणि नारळ घालून तिची ओटी भरली. नारळ परसातल्या माडाचा होता. तो माड बायकोनेच लावलेला, थोरल्या मुलाच्या वेळी दिवस राहिले होते तेव्हा, आणि पुढे रोज आपल्या हाताने पाणी घालून वाढवलेला. शेठाणीने नारळ हातात घेऊन वजन बघितलं आणि विचारलं, “हा कुठला?”

“इथलाच,” बायको म्हणाली.

“अरे वा! म्हणजे आपलाच नारळ आपल्या ओटीत!” शेठ मोठ्याने हसले. त्यात वाईट काही नव्हतं, माणूस मनाचा चांगला होता. बायकोही हसली. मला तिच्याकडे बघवेना. शेठ बोलले ते खरंच होतं. खरेदीखतात घर, विहीर आणि झाडं असं सगळं लिहिलेलं होतं, आणि त्याच्या खाली साक्षीदार म्हणून माझीच सही होती.